चार वर्षांची पदवी, आठ वर्षांचं काम

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? छान. मग सुरू करू या.

'विद्यार्थी नेतृत्व आणि इनोव्हेशन' असा विषय ऐकला की इथं बसलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. स्टेज, मागे मोठा पडदा, हातात क्लिकर आणि समोर तीन परीक्षक. पालकांच्या डोळ्यांपुढे येणारं चित्र वेगळं असतं. बुडालेली लेक्चर्स, इंटर्नलचे गेलेले मार्क, आणि रात्री अकरा वाजता 'टीमची मीटिंग आहे, उशीर होईल' असा आलेला फोन. दोन्ही चित्रं खरी आहेत. मला आज जे बोलायचं आहे ते मात्र या दोन्हींत दिसत नाही. ते असं की, हा विद्यार्थी पास होऊन गेल्यावर पुढच्या वर्षी त्याच्या कामाचं काय होतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच उठायचं असेल तर उठता येईल. विद्यार्थी नेतृत्वाचा एखादा कार्यक्रम चांगला की नुसता नावाचा, हे बक्षीस समारंभात कळत नाही. त्यासाठी एक वर्ष थांबावं लागतं. ज्या मुलांनी काम सुरू केलं ती निघून गेल्यावरही काम चालू राहिलं, तर तिथं नेतृत्व घडलं असं म्हणू या. बंद पडलं, तर एक बरा प्रोजेक्ट झाला, एवढंच म्हणायचं.

आता आजूबाजूला पाहू. अशा कार्यक्रमांची आपल्याकडे कमतरता नाही. २०१७ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली. तिच्या सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत मुलं सलग ३६ तास बसून सरकारी खात्यांनी मांडलेल्या अडचणींवर उपाय शोधतात. २०१८ पासून केंद्र सरकारच्या इनोव्हेशन सेलनं कॉलेजाकॉलेजांत 'इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल' उभ्या करायला सुरुवात केली. त्यांचं वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं असतं. कार्यक्रम करायचे, अहवाल भरायचे, आणि त्यावरून कॉलेजला स्टार मिळतात. आपल्या व्हीटीयूत तर इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी नेहमीच्या चार वर्षांच्या विद्यार्थ्याला १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट लागतात. इथं किती जण सध्या ते पॉइंट गोळा करतायत? हं, बरेच हात आहेत.

या कुठल्याही योजनेला मी नावं ठेवत नाहीये. त्यातून मुलं वर्गाबाहेर पडतात, दुसऱ्या शाखेच्या मुलांशी बोलायला शिकतात, चार माणसांपुढे उभी राहतात. हे लहान काम नाही. पण या योजना मोजतात काय, ते बघा. किती कार्यक्रम झाले, किती मुलं आली, किती आयडिया सादर झाल्या. जे मोजलं जातं ते वाढतं. म्हणून आयडिया वाढल्या.

कुठल्याही प्रोजेक्ट प्रदर्शनात जा. भरली की मेसेज पाठवणारी कचरापेटी असते. अंध व्यक्तींसाठी सेन्सर लावलेली काठी असते. शेतकऱ्याला थेट ग्राहकाशी जोडणारं ॲप असतं. हसू नका, यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. प्रश्न असा आहे की हीच कचरापेटी दरवर्षी पहिल्यापासून का बनते? मागच्या वर्षीच्या मुलांना सेन्सर ओला झाल्यावर काय अडचण आली, बॅटरी किती दिवस टिकली, सफाई कामगार बाई त्याबद्दल काय म्हणाल्या, हे या वर्षीच्या मुलांना ठाऊकच नसतं. मागचं मॉडेल स्टोअररूममध्ये पडलेलं असतं. कोड कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये, आणि तो लॅपटॉप आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला. म्हणजे चार वर्षांत चार टीम एकाच खड्ड्यात एकेकदा पडतात, आणि प्रत्येकीला वाटतं की आपणच पहिले.

हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. पण विचार करा, मुलांनी रात्री जागून केलेलं काम, आईवडिलांनी सुट्या भागांसाठी दिलेले पैसे, शिक्षकांनी दिलेला वेळ, हे सगळं दर जूनमध्ये शून्यावर येतं. आज जे पणाला लागलं आहे असं मी म्हणतो, ते हे.

याला उपाय आहे का? आहे, आणि तो जुना आहे. १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार स्वयंसेवक एवढ्यावर तिची सुरुवात झाली. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचे अनेक जण तिच्या शिबिरांना गेले असतील. शिबिर, श्रमदान, रात्री गाण्यांच्या भेंड्या. त्या योजनेत एक साधी शहाणी कल्पना होती, दत्तक गावाची. गाव ठरलेलं असे. मुलं बदलत, गाव तेच राही. त्यामुळे पुढच्या तुकडीला गावात गेल्यावर पहिला प्रश्न पडे, मागच्या वर्षीच्या बंधाऱ्याचं काय झालं? बंधारा वाहून गेलेला असला, तर तो सगळ्यांना दिसे. कामाला जागा होती, म्हणून कामाला आठवण होती. आजच्या इनोव्हेशनच्या कार्यक्रमांत आपण सगळं काही आणलं, पण हे दत्तक गाव विसरलो.

आता आपण बसलो आहोत त्या जागेकडे येऊ. हे राजाजीनगर, राजगोपालाचारींच्या नावानं वसलेलं. हा भाग घरांसाठी जेवढा ओळखला गेला तेवढाच कारखान्यांसाठी. मराठी माणसाला या भागातल्या दोन खुणा माहीत असाव्यात, आणि गंमत म्हणजे दोन्ही खुणांचं मूळ बेळगावकडे आहे.

पहिली खूण म्हणजे इथल्या दुसऱ्या ब्लॉकमधलं केएलई संस्थेचं निजलिंगप्पा कॉलेज. केएलई संस्था १९१६ साली बेळगावात सुरू झाली. सुरू करणारे सात तरुण शिक्षक होते. त्यांना आजही 'सप्तर्षी' म्हणतात. शंभरहून जास्त वर्षं झाली. त्या सातांपैकी आज कुणी नाही, पण संस्था बेळगावातून हुबळीला गेली, बेंगळूरुला आली, दवाखाने आणि विद्यापीठं उभी राहिली. त्या सातांकडे भांडवल फारसं नव्हतं. त्यांनी एक गोष्ट केली. काम स्वतःच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर ठेवलं, आणि मागून येणाऱ्यांना आत येण्यासाठी दार ठेवलं.

दुसरी खूण आता डोळ्यांना दिसत नाही. ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर आज जिथं आहेत, तिथं आधी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. ही कंपनी बेंगळूरुत १९४६ साली सुरू झाली. सुरू करणारे रवी किर्लोस्कर, म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव. लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. म्हणजे तेही शिक्षकच. नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकली विकल्या, दुरुस्त केल्या, कडबा कापायचं यंत्र बनवलं, आणि मग लोखंडी नांगर केला.

नांगराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. लोखंडानं जमीन बाधते असं शेतकऱ्यांना वाटे, नांगर विकले जाईनात, मग हळूहळू विश्वास बसला, एवढं आपण सांगतो. पुढची अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली, आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर बनवण्याआधी तिथं नांगर बनवणारी माणसं बनवावी लागली. साध्या गावकऱ्यांच्या हातांना साचे, भट्टी, माप शिकवावं लागलं. एका माणसाच्या डोक्यात असलेलं ज्ञान शंभर हातांत गेलं, म्हणून पुढच्या पिढीला हरिहरला आणि बेंगळूरुला कारखाने काढता आले. लक्ष्मणराव एकटेच हुशार राहिले असते, तर ती हुशारी त्यांच्याबरोबर संपली असती.

तुम्ही म्हणाल, संस्था आणि कारखाने ठीक, तिथं माणसं तीस-तीस वर्षं राहतात. कॉलेजात मुलगा चार वर्षं असतो. पहिलं वर्ष गोंधळात जातं, शेवटचं प्लेसमेंटमध्ये. हातात उरतात दोन. या दोन वर्षांत काय होणार? रास्त शंका आहे. तिचं उत्तर महाराष्ट्रात आणि आपल्या बेंगळूरुतच मिळालेलं आहे.

२२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ उडालं. त्यात २० उपग्रह होते. त्यातला एक पुण्याच्या सीओईपीचा, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा होता. नाव 'स्वयम्'. वजन ९९० ग्रॅम, म्हणजे एक किलोची साखरेची पिशवी त्यापेक्षा जड. सीओईपी म्हणजे तेच कॉलेज, जिथं आपले विश्वेश्वरय्या बेंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजातून बीए होऊन इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि १८८३ साली उत्तीर्ण झाले.

या उपग्रहात एक फार सुंदर गोष्ट होती. अवकाशात उपग्रह गडगडत राहतो. त्याची अँटेना एका दिशेला ठेवायची तर साधारणपणे वीज खाणारी यंत्रणा लागते. किलोभराच्या डब्यात एवढी वीज आणायची कुठून? मुलांनी आत कायमचुंबक ठेवला. होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण राहते, तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं स्वतःला लावून घेतो. त्यासाठी वीज खर्च होत नाही. टंचाईतून सुचलेली युक्ती, आणि ती अवकाशात गेली.

पण आजच्या विषयासाठी मला त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. काम सुरू झालं २००८ मध्ये, उड्डाण झालं २०१६ मध्ये. आठ वर्षं. पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर आराखडा काढला, त्यांच्यापैकी एकही जण उड्डाणाच्या दिवशी पदवीचा विद्यार्थी नव्हता. आणि उड्डाणाच्या वेळी जे टीममध्ये होते, ते पहिल्या दिवशी शाळेत होते, काही तर पाचवी-सहावीत असतील. ज्यांनी एकमेकांना कधी एका वर्गात पाहिलं नाही, अशा मुलांनी मिळून एक वस्तू बनवली.

आयआयटी मुंबईचा 'प्रथम' घ्या. २००७ साली दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात कल्पना आली, उपग्रह उडाला २६ सप्टेंबर २०१६ ला. नऊ वर्षं. आणि त्याच रॉकेटमध्ये शेजारी कोण होतं? आपल्या बेंगळूरुच्या पीईएस विद्यापीठाचा 'पीआयसॅट'. त्याही आधी, १२ जुलै २०१० ला 'स्टुडसॅट' गेला होता. कर्नाटक आणि आंध्रातल्या सात कॉलेजांनी मिळून केलेला, एक किलोहून हलका. त्याचं भूकेंद्र इथं येलहंक्याच्या निट्टे मीनाक्षी कॉलेजात होतं. सात कॉलेजं एकत्र! आपल्याकडे एका कॉलेजातल्या दोन शाखा स्नेहसंमेलनात एकत्र येईनात, तिथं सात कॉलेजं.

हे जमलं कसं? मुलं जास्त हुशार होती म्हणून? तसं असतं तर प्रत्येक मोठ्या कॉलेजातून दहा उपग्रह गेले असते. मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, काम एवढं मोठं होतं की 'मीच पूर्ण करीन' असा भ्रम कुणालाच ठेवता आला नाही. पहिल्या वर्षापासूनच माहीत होतं की हे आपल्या हातून दुसऱ्याच्या हातात जाणार.

दुसरं, बाहेरचा कडक परीक्षक. उपग्रह इस्रोच्या रॉकेटमधून जायचा, तर इस्रो टप्प्याटप्प्यानं आढावा घेते. आधी प्राथमिक आराखड्याचा, मग अंतिम आराखड्याचा, मग चाचण्या. हलवून बघतात, तापवून बघतात, गारठवून बघतात. 'मागच्या सीनियरनं केलंय, आम्हाला माहीत नाही' हे उत्तर तिथं चालत नाही. प्रत्येक निर्णय का घेतला, हे लिहिलेलं लागतं. म्हणजे लिखाण हा सजावटीचा भाग राहिला नाही, त्याच्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं.

तिसरं, सीनियर-जूनियरची साखळी. दुसऱ्या वर्षाचा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकतो, आणि ती पास होऊन जाते तेव्हा त्याच्या शेजारी पुढचा बसलेला असतो. गुरुकिल्ली वगैरे काही नाही. शेजारी बसणं, एवढंच. याचा परिणाम बघा. 'स्वयम्' नंतर सीओईपीच्या मुलांनी सौरशिडाच्या उपग्रहावर काम सुरू केलं. 'प्रथम' नंतर आयआयटीच्या मुलांनी 'अद्वितीय' हाती घेतला. पहिलं काम संपलं, पण टीम संपली नाही.

आता परदेशातल्या एका कार्यक्रमाचा उल्लेख करतो, कारण त्यानं हाच प्रश्न थेट हातात घेतला. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास 'युनिव्हर्सिटी इनोव्हेशन फेलोज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे पैसे होते, पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'डी-स्कूल'मधून चालला. भारतातल्या बऱ्याच कॉलेजांतूनही मुलं त्यात गेली. त्याची रचना मला आवडली. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी 'तुझी आयडिया काय' असं विचारत नाहीत. आधी त्यानं स्वतःच्या कॉलेजाचा नकाशा काढायचा. रस्त्यांचा नव्हे, संधींचा. पहिल्या वर्षाच्या मुलाला काही बनवून बघायचं असेल, तर त्यानं जायचं कुठे? वर्कशॉप किती वाजता बंद होतं? कुठला शिक्षक वेळ देतो? कॉमर्सच्या मुलीला थ्रीडी प्रिंटर वापरता येतो का? हा नकाशा काढला की भोकं दिसतात. मग त्यातलं एक भोक बुजवायचं. बरोबर एक शिक्षक हवाच, कारण मुलं जातात, शिक्षक राहतात.

बारकाईनं पाहा, इथं इनोव्हेशनचा विषय जग नाही, स्वतःचं कॉलेज आहे. हेच आपलं दत्तक गाव. विद्यार्थ्याला जगातला कुठलाही प्रश्न पीपीटीवर सोडवता येतो. स्वतःच्या कॉलेजात वर्कशॉपची चावी संध्याकाळी सहानंतर मिळवून दाखवणं त्याहून अवघड आहे, कारण तिथं खरी माणसं 'नाही' म्हणतात. प्राचार्य असतात, नियम असतात, चावी ठेवणारे काका असतात आणि त्यांना घरी जायला बस पकडायची असते. त्या काकांची अडचण समजून घेऊन जो मुलगा मार्ग काढतो, तो नेतृत्व शिकला. आणि एकदा नियम बदलला की तो मुलगा गेला तरी वर्कशॉप उघडंच राहतं.

मग तुम्ही उद्यापासून काय करायचं? मुलांनो, चार गोष्टी सांगतो. फोनवर टिपून घेतल्यात तरी चालेल.

एक. पहिला महिनाभर आयडिया शोधू नका. कॉलेजच्या स्टोअररूममध्ये जा. मागच्या पाच वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट काढा. एखादं अर्धवट राहिलेलं चांगलं काम सापडलं, तर त्या सीनियरला फोन लावा. सीनियर आनंदानं बोलतात, कारण त्यांना पुन्हा कुणी कधी विचारलेलंच नसतं. दुसऱ्यानं सुरू केलेलं काम पुढं नेण्यात कमीपणा नाही.

दोन. प्रत्येक जबाबदारीला दोन माणसं ठेवा, एक वरच्या वर्षाचा, एक खालच्या वर्षाचा. खजिनदार तिसऱ्या वर्षाचा असेल, तर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याच्याबरोबर हिशेब लिहील. शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरात पद सोडायचं, मार्चमध्ये नव्हे. मधले सहा महिने तुम्ही खुर्चीत नसाल, पण हाकेच्या अंतरावर असाल. नव्या माणसाला चुकायला आणि विचारायला वेळ मिळतो. मार्चमध्ये चावी हातात ठेवून गावाला जाणं म्हणजे हस्तांतरण नव्हे.

तीन. एक वही ठेवा. कॉम्प्युटरवर ठेवा, पण टीमच्या सामाईक खात्यावर, कुणा एकाच्या ईमेलवर नको. त्यात जमलेल्या गोष्टी लिहाल तेवढ्याच न जमलेल्याही लिहा. कुठल्या दुकानात सुटे भाग मिळतात, कुठला सेन्सर पावसात बंद पडतो, कुठल्या ऑफिसात कुठल्या टेबलावर आधी जायचं. पुढच्याला तुमच्या यशापेक्षा तुमच्या फसलेल्या प्रयत्नांचा जास्त उपयोग होतो.

चार. ज्याच्यासाठी वस्तू बनवताय त्याच्या भाषेत त्याच्याशी बोला. हे इथल्या मराठी मुलांसाठी मुद्दाम सांगतो. बेंगळूरुत राहून कन्नड न येता चार वर्षं काढता येतात, इंग्रजी-हिंदीवर भागतं. पण सफाई कामगार, बसचे कंडक्टर, इंडस्ट्रियल इस्टेटमधला लेथवर उभा असलेला कारागीर, यांची खरी अडचण तुम्हाला इंग्रजीत कधीच कळणार नाही. लक्ष्मणराव ज्या भागात वाढले तिथं मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलली जायची. नांगराबद्दलचा शेतकऱ्याचा संशय त्याच्या भाषेतच ऐकावा लागतो. म्हणून टीममध्ये फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला आपोआप नेता करू नका. परीक्षकांपुढे बोलणारा वेगळा असेल, लोकांचं ऐकून घेणारा वेगळा असेल. दुसऱ्याची किंमत जास्त आहे, आणि बहुतेक वेळा तो मागच्या बाकावर असतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. 'सर, हे सगळं पुढच्यांसाठी. मला काय मिळणार? रेझ्युमेवर काय लिहू?' मी खोटं आश्वासन देणार नाही. 'पहिला क्रमांक, राज्यस्तरीय स्पर्धा' ही ओळ वाचायला एक सेकंद लागतो. 'मी सुरू केलेला उपक्रम आजही चालू आहे' ही ओळ समजून घ्यायला समोरचा माणूस थांबावा लागतो, आणि प्रत्येक मुलाखतीत तो थांबेलच असं नाही. 'स्वयम्'वर सुरुवातीची वर्षं राबलेल्या मुलांनी ते काम उड्डाण न पाहताच पुढच्यांकडे दिलं. त्यांना त्या वेळी काय मिळालं? कदाचित एक सबमिशन आणि थोडा उशिराचा जेवणाचा डबा.

पण नोकरीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला एक गोष्ट दिसेल. कुठल्याही कंपनीत, हॉस्पिटलात, सरकारी ऑफिसात रोजचं काम हेच असतं. दुसऱ्यानं अर्धवट ठेवलेलं उचलायचं, आणि तिसऱ्याला समजेल असं ठेवून जायचं. नवं काही पहिल्यापासून बनवायची संधी फार थोड्यांना, फार क्वचित मिळते. हस्तांतरण मात्र प्रत्येकाला रोज करावं लागतं. आणि ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. ते शिकायची एकच जागा आहे, कॉलेजातला असा एखादा उपक्रम.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्यावर अहवालांचा, फोटोंचा, स्टारांचा किती भार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अहवालात स्वतःहून एक रकाना वाढवा. 'मागच्या वर्षीच्या उपक्रमांपैकी आज किती चालू आहेत?' हा आकडा वर कुणी मागितलेला नसेल, तरी तुमच्यासाठी लिहा. पहिल्या वर्षी तो शून्य येईल. येऊ द्या. दुसऱ्या वर्षी एक आला, तरी त्या एका उपक्रमानं कॉलेज बदललेलं असेल.

आणि पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली की आम्हाला बक्षीस नाही मिळालं, तर लगेच 'मग वेळ कशाला घालवलास' असं म्हणू नका. एक प्रश्न विचारा. 'तू गेल्यावर हे कोण बघणार आहे?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिनं एखाद्या जूनियरचं नाव घेतलं, तर समजा की फी वसूल झाली.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या कॉलेजात नवी मुलं येतील. त्यांतली एखादी घाबरत घाबरत वर्कशॉपच्या दारात उभी राहील. तेव्हा दार उघडं असावं, आत कुणीतरी तिच्याहून एक वर्ष मोठं बसलेलं असावं, आणि टेबलावर एक वही असावी. एवढी व्यवस्था ज्या टीमनं करून ठेवली, तिच्या सदस्यांची नावं त्या मुलीला माहीत असायची काही गरज नाही.

आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागच्या बाकावरून येऊ द्या.